टाऊन मीटिंग, ग्रामसभा आणि दोरीमागचा मी

मे महिन्यातल्या एका सोमवारी लवकर जेवण उरकून मी आमच्या गावातल्या शाळेच्या सभागृहात जाऊन बसलो. दारात दोन आजीबाई मतदार यादी घेऊन बसल्या होत्या. माझे नाव यादीत नव्हते, असणारही नव्हते, कारण मी अजून ग्रीन कार्डाच्या रांगेतच आहे. त्यांतल्या एकीने हसून मला शेवटच्या दोन ओळी दाखवल्या. त्या ओळींच्या पुढे एक दोरी बांधलेली होती. दोरीच्या पुढे गावचे मतदार आणि मागे आम्ही, म्हणजे एक वार्ताहर, दोन शिक्षक, एक ब्राझिलियन जोडपे आणि अस्मादिक.

हे राज्य मॅसॅच्युसेट्स. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, असे म्हणणाऱ्या लोकांनी १७७३ साली ज्या बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकल्या, तिथून तासाभराच्या अंतरावर मी इमानेइतबारे घरपट्टी भरून दोरीमागे बसलो होतो. असो. तक्रार करायला हा लेख लिहीत नाही. उलट दोरीमागे बसल्यामुळे मला जे दिसले ते बहुधा पुढे बसून दिसले नसते.

न्यू इंग्लंडमधल्या टाऊन मीटिंगबद्दल मी पीएचडी करत असताना ऐकले होते, पण विद्यापीठाच्या गावात चार-पाच वर्षे राहूनही एकदाही गेलो नव्हतो. मुलगी शाळेत जाऊ लागली आणि तिचा वर्ग पत्र्याच्या तात्पुरत्या खोलीत भरतो हे कळले, तेव्हा गेलो. माणूस शेवटी आपल्या पोराबाळांसाठीच जागा होतो.

प्रकार असा असतो. लहान गावांत नगरसेवकांचे मंडळ नसते. गावाचा कायदा आणि अंदाजपत्रक वर्षातून एक-दोनदा भरणाऱ्या सभेत मंजूर होते, आणि नोंदणी केलेला कुठलाही मतदार त्या सभेचा सभासद असतो. थोड्या मोठ्या गावांत यासाठी दोन-अडीचशे प्रतिनिधी निवडतात, पण आमच्याकडे अजून जुनी खुली पद्धत आहे. सभेची विषयपत्रिका आधी जाहीर करावी लागते, तिला इथे वॉरंट म्हणतात. (वॉरंट म्हटले की आपल्याला पोलीसच आठवतो!) त्या पत्रिकेत नाही त्या विषयावर सभा काहीही ठरवू शकत नाही. पण पत्रिकेत विषय घालणे अवघड नाही. वार्षिक सभेसाठी दहा मतदारांच्या सह्या आणल्या की तो विषय घ्यावाच लागतो, गावच्या कारभाऱ्यांना आवडो वा न आवडो.

याहून मला जास्त आवडली ती वित्त समिती. गावातलेच बिनपगारी लोक त्यात असतात. आमच्याकडे एक निवृत्त हिशेबनीस, एक नर्स, एक इलेक्ट्रिशियन वगैरे आहेत. हे लोक हिवाळाभर रात्री बसून प्रत्येक खर्चाची उलटतपासणी करतात आणि सभेच्या आधी घरोघरी एक पुस्तिका पाठवतात. प्रत्येक विषयाखाली समितीची शिफारस, किती जण बाजूने, किती विरुद्ध आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरासरी घराच्या घरपट्टीत त्यामुळे किती डॉलर वाढतील तो आकडा.

तो आकडा काही शोभेचा नाही. १९८० साली या राज्यातल्या मतदारांनी एक कायदा करून घेतला, त्याला 'अडीच टक्क्यांचा कायदा' म्हणता येईल. नवीन बांधकामातून येणारी भर सोडली तर गावाला घरपट्टीची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. वाढवायची असेल तर मतपेटीतून लोकांची परवानगी घ्यावी लागते. म्हणजे शाळा हवी म्हणून हात वर करणाऱ्याला पक्के ठाऊक असते की हाच हात पुढच्या वर्षी चेक लिहिणार आहे.

तर त्या सोमवारी विषय होता शाळेचा. गळके छप्पर, म्हातारा झालेला बॉयलर आणि नवीन वर्गखोल्यांची एक इमारत, या सगळ्यांसाठी मिळून एकच मोठे कर्ज. कर्जाला सभेत दोन-तृतीयांश मते लागतात. माझ्या मनात काही शंकाच नव्हती. मुलांच्या शिक्षणाला विरोध कोण करणार?

पंचाहत्तरीच्या पुढच्या एक बाई माईकपाशी आल्या. नवरा वारला, घर तेच, पेन्शन तेवढीच आणि घरपट्टी दरवर्षी वाढते. आणखी वाढली तर चाळीस वर्षे राहिलेले घर विकावे लागेल, असे त्या शांतपणे म्हणाल्या. मी दोरीमागे मनातल्या मनात म्हटले, "यांची मुले शिकून मोकळी झाली, आता यांना काय!" मग एक तरुण बाप उभा राहिला. मला वाटले, हा आता उत्तर देईल. तर तो म्हणाला, मी बाजूने मत द्यायला आलो होतो, पण पुस्तिका वाचून एक प्रश्न पडला. नवीन इमारतीचा आकार ज्या विद्यार्थिसंख्येच्या अंदाजावर ठरवला आहे तो अंदाज किती जुना? आणि बॉयलर तातडीचा आहे तर तो इमारतीच्या गळ्यात का बांधला?

बांधकाम समितीच्या अध्यक्षांनी प्रामाणिकपणे कबूल केले की अंदाज काही वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यानंतर गावातले जन्म कमी झाले आहेत.

मंडळी, मी दिवसभर जे काम करतो ते हेच. एखाद्या यंत्राचे गणिती प्रारूप करायचे, त्यात आकडे घालायचे आणि ते आकडे कुठून आले याबद्दल कनिष्ठ सहकाऱ्यांना फैलावर घ्यायचे. पण मुलीच्या शाळेचा विषय आल्यावर तो साधा प्रश्न मला सुचला नव्हता. तो विचारला एका प्लंबरने.

ठरावाला बहुमत मिळाले, दोन-तृतीयांश मिळाले नाहीत. ठराव पडला. मी चरफडत घरी आलो आणि बायकोला लोकशाहीवर अर्धा तास भाषण दिले.

पुढच्या वर्षी विषय परत आला, पण वेगळा होऊन. छप्पर आणि बॉयलर स्वतंत्र आणि ताबडतोब, इमारत लहान करून नव्या अंदाजाप्रमाणे. शिवाय एक जोडठराव. वृद्धांनी वाचनालयात किंवा गावच्या कचेरीत काही तास काम करून घरपट्टीत सूट मिळवायची एक योजना इथे असते, तिच्यातल्या जागा वाढवायच्या. त्याच आजीबाई पुन्हा माईकपाशी आल्या, दोन प्रश्न विचारले आणि मतदानाच्या वेळी त्यांनी आपले कार्ड वर केले. ठराव मंजूर झाला, नंतर मतपेटीतूनही निघाला. माझ्या मनासारखेच झाले, पण मला जे हवे होते त्यापेक्षा चांगले झाले. मधल्या वर्षभरात त्या बाईंचेही मत बदलले होते आणि माझेही.

तोवर माझी समजूत अशी होती की लोकशाही म्हणजे मोजणी. प्रत्येकाचे मत तयार असते, ते मोजायचे आणि ज्याची बाजू जड तो जिंकला. आता वाटते की मोजणी हा शेवटचा आणि सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे माणसाला आपले मत अब्रूला धक्का न लागता बदलता येईल अशी जागा तयार करणे. लोकांचा सहभाग, लोकांचा सहभाग असे आपण घोकतो, पण ज्या सहभागात कुणाचेच मत बदलू शकत नाही तो सहभाग म्हणजे एक तर जत्रा किंवा भांडण.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, झाले, सुरू झाले याचे अमेरिकेचे गोडवे! जरा थांबा. माझी लाज सांगायची राहिली आहे.

माझे मूळ गाव सातारा जिल्ह्यात. अठरा पूर्ण झाल्यावर तिथल्या मतदार यादीत माझे नाव लागले आणि त्याच दिवशी कायद्याने मी ग्रामसभेचा सभासद झालो. दोरी नाही, व्हिसा नाही, दहा सह्याही नाहीत. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा दिली आहे. पुण्याला शिकत असताना मी १५ ऑगस्टला कितीतरी वेळा गावी असे. झेंडावंदन करून, जिलेबी खाऊन घरी येत असे. त्याच दिवशी शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा असे. मी एकदाही गेलो नाही.

चुलत्यांना परवा फोनवर विचारले, तुम्ही जाता का? ते हसले. "अरे, जायचं कशाला? ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं. कोरम होत नाही, मग सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमच लागत नाही. मग चार टाळकी बसतात आणि प्रोसिडिंग बुक सह्यांसाठी घरोघर फिरतं."

महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांत जे कमी असेल ते. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे पुरतात. लग्नाला याच्या दसपट येतात. मग ग्रामसभेला का येत नाहीत? आपले लोक आळशी, आपल्याला नागरिकशास्त्र कळत नाही, वगैरे उत्तरे मला मान्य नाहीत. माणूस जिथे आपल्या येण्याने काही बदलते तिथे येतो. इथल्या आजीबाई येतात, कारण त्यांच्या येण्याने त्यांची घरपट्टी बदलते. आमच्या चुलत्यांच्या येण्याने काय बदलणार? पैसा वरून येतो, त्यातला बराचसा कशावर खर्चायचा हे आधीच ठरवून. अंदाजपत्रक सभेत वाचून दाखवतात, तेसुद्धा रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखे. ते आधी कुणाच्या हातात नसते, मग प्रश्न सुचणार कसा? आणि सुचलाच तर विचारणार कसा? ज्याला विचारायचे त्याच्याच हातात उद्या कालव्याच्या पाण्याची पाळी असते. या सगळ्यामुळे ग्रामसभेत ठरवणे होत नाही, मागणे तेवढे होते. गटार द्या, दिवा द्या, घरकुलात नाव घाला. मागणारा आणि ठरवणारा यांत फार फरक आहे.

शहरात वेगळे नाही. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक सुरू केले. देशातल्या अगदी पहिल्या काही प्रयोगांपैकी तो एक, आणि त्याचा मला अभिमान आहे. नागरिकाने फॉर्म भरायचा, पाच लाखांच्या आतले काम सुचवायचे. लोक हौसेने पदपथ, बाके, दिवे सुचवत आले. पण सुचवणाऱ्या दोघांनी एकमेकांसमोर बसून, पैसे एवढेच आहेत, मग आधी तुझा पदपथ की माझा दिवा, हे ठरवायची सोय त्यात मुळात नव्हती. सूचनापेटी कितीही मोठी केली तरी तिची सभा होत नाही. आणि निवडून आलेल्यांचे म्हणाल, तर २०२२ साली मुदत संपल्यावर पुण्या-मुंबईसारख्या महापालिका कित्येक वर्षे निवडणुकीविनाच प्रशासकांच्या हाती होत्या. त्याबद्दल किती लोक रस्त्यावर उतरले?

पण आपल्याकडे जमतच नाही असेही नाही. गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा-लेखा हे छोटेसे गोंड गाव बहुतेकांना ऐकून माहीत असते ते 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावेही परिचित आहेत. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ते स्वतःचा बांबू स्वतः विकू लागले. पण घोषणेपेक्षा मला तिथला अभ्यास गट जास्त मोलाचा वाटतो. विषय आधी अभ्यास गटात चघळायचा, हवे तर बाहेरचा जाणकार बोलवायचा, कायदा वाचायचा. निर्णय मात्र ग्रामसभेनेच घ्यायचा, तोही सर्वांच्या सहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचे, पुन्हा बोलायचे. आमच्या गावच्या वित्त समितीची पुस्तिका आणि मेंढ्याचा अभ्यास गट हे एकाच कामाचे दोन अवतार आहेत. आणि दोन्हीकडे निर्णयाला वजन आहे, एकीकडे घरपट्टीचे, दुसरीकडे जंगलाचे.

आता टाऊन मीटिंगची काळी बाजू. गावात मतदार काही हजार, आणि त्या रात्री सभागृहात दोन-अडीचशे. लहान मुले असलेले, रात्रपाळीवाले आणि दोन नोकऱ्या करणारे जवळजवळ नाहीत. बॉस्टन विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी पूर्व मॅसॅच्युसेट्समधल्या ९७ गावा-शहरांतल्या बांधकाम परवानगीच्या सभांची इतिवृत्ते तपासून २०१९ मध्ये एक निबंध लिहिला. बोलणारे लोक गावाच्या मानाने वयस्क, पुरुष आणि घरमालक जास्त. नवीन घरांच्या विरोधात बोलणारे ६३ टक्के, बाजूने १५ टक्के. त्या घरांत जे राहायला येणार ते सभेत नसतातच, ते अजून गावात यायचे असतात. म्हणजे दार सताड उघडे ठेवले की सगळे येतात हा भ्रम आहे. ज्यांना वेळ आहे ते येतात.

यावर एक जुना उपाय हल्ली पुन्हा वर आला आहे. चिठ्ठ्या टाका! तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात ग्रामसमितीचे सदस्य मडक्यातल्या चिठ्ठीने निवडायचे नियम कोरलेले आहेत. (त्या मडक्यात नाव जायला जमीन, स्वतःचे घर आणि वेदांचे ज्ञान लागे, हेही सांगितले पाहिजे.) अमेरिकेत ज्युरी अशीच नशिबाने निवडतात. आणि आयर्लंडने हे राष्ट्रीय प्रश्नासाठी केले.

आयर्लंडची ही गोष्ट आपल्या जवळची आहे. सविता हलप्पनवार ही बेळगावात वाढलेली दंतवैद्य. २०१२ मध्ये गॉलवे शहरात तिचा गर्भ पडू लागला, तरी गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तिला गर्भपात नाकारला गेला आणि ती जंतुसंसर्गाने गेली. १९८३ च्या घटनादुरुस्तीमुळे तिथे गर्भपात जवळपास अशक्य होता आणि चर्चच्या आणि मतांच्या भीतीने मोठे पक्ष त्याला हात लावायला कचरत होते. शेवटी २०१६ मध्ये ९९ सामान्य नागरिक, वय, लिंग, प्रदेश यांचे प्रमाण राखून यादृच्छिक पद्धतीने निवडले आणि एका न्यायाधीश बाईंना अध्यक्ष केले. पाच शनिवार-रविवार हे लोक डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंच्या संघटना आणि भोगलेल्या बायका यांचे ऐकत होते, गोल टेबलांभोवती बोलत होते. कारण विचारल्याशिवाय गर्भपाताला परवानगी असावी, असे ६४ टक्के सदस्यांनी म्हटले. पुढाऱ्यांना वाटले, हे फारच पुढे गेले. मे २०१८ मध्ये सार्वमत झाले आणि ६६.४ टक्के लोकांनी बंदी उठवायच्या बाजूने मत दिले. त्या ९९ जणांना देशाची नाडी पुढाऱ्यांपेक्षा बरी कळली होती.

ही जादूची कांडी मात्र नव्हे. कुटुंबाची आणि घरातल्या सेवेची घटनेतली कलमे बदलायची शिफारसही तिथल्या नंतरच्या एका नागरिक सभेने केली होती. सरकारने सार्वमताला मांडलेली भाषा मात्र वेगळी, बरीच संदिग्ध. मार्च २०२४ मध्ये लोकांनी दोन्ही दुरुस्त्या दणदणीत मतांनी फेटाळल्या. लोकांना बसवायचे, ऐकायचे आणि मग आपलेच लिहायचे, हे केले की असे होते.

"पण लोकांना काय कळतंय?" हा आपल्याकडचा ठेवणीतला प्रश्न. विचारणारा बहुधा माझ्यासारखा शिकलेला असतो. माझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मला घाम फुटला तो माझ्या विषयातल्या परीक्षकांमुळे नव्हे. दुसऱ्या विभागातून आलेल्या एका प्राध्यापकांनी विचारले, "हे मोजायचंच कशाला?" तज्ज्ञाला कसे ते कळते. कशासाठी आणि कुणाच्या खर्चाने, हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही. तिथे ज्याला भोगायचे आहे तो लागतो, फक्त त्याला कागद आणि वेळ द्यावा लागतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. आपल्याला नवीन कायद्याची वाट बघायला नको. ग्रामसभेच्या आठ दिवस आधी अंदाजपत्रकाचा कागद साध्या मराठीत फलकावर आणि लोकांच्या फोनवर यावा. पाच-सात जणांचा अभ्यास गट असावा, त्यात निम्म्या बायका. महिलांची सभा ग्रामसभेआधी घ्यायची तरतूद आहेच, तिची शिफारस त्या कागदावर छापावी. शहरात कचरा डेपो कुठे न्यायचा, नदीकाठाचे काय करायचे, अशा प्रश्नांसाठी मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून पन्नास जण काढावे. त्यांचा रोज बुडेल तो भरून द्यावा, दोन्ही बाजूंचे जाणकार त्यांच्यापुढे उभे करावे आणि त्यांनी जे सांगितले ते पाळणार नसाल तर का नाही, हे महापालिकेने लेखी द्यावे. चिठ्ठीतून आलेल्याला तिकीट नको असते, पुन्हा निवडून यायचे नसते, आणि एकट्याने उठून बोलल्याचा राग कुणी धरावा असा तो एकटाही नसतो.

हे सगळे मी चुलत्यांना फोनवर ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. १५ ऑगस्टच्या सभेआधी ग्रामपंचायतीत जाऊन अंदाजपत्रकाची प्रत मागायला ते तयार झाले.

"दिली तर वाचतो. नाही दिली तर सभेत उठून विचारतो, का नाही दिली. म्हातारा झालो आता, पाण्याची पाळी पोरगं बघतं."

मग म्हणाले, "आणि तुझं रे? तुझं नाव आहे का यादीत अजून?"

मी म्हटले, माहीत नाही. त्यांनी यादी आणून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. नाव कमी केले आहे. बरोबरच आहे म्हणा, मी तिथे राहत नाही. म्हणजे इथे दोरीमागे आणि तिथे यादीबाहेर. जेव्हा नाव होते तेव्हा मी जिलेबी खाऊन घरी येत होतो.

तुमचे नाव असेल. पुढच्या सभेला जाऊन बसा, आणि जायच्या आधी कागद मागा.